सगळ्यांचे डोळे शेवटी

"बाई, तुम्हीच सांगा हिला," म्हणत केदारने पानांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "अख्खा अंक रंगवून झाला आणि एकालाही डोळे नाहीत. चोराला नाहीत, पोरीला नाहीत, कुत्र्यालासुद्धा नाहीत."

"डोळे शेवटी," जुईली म्हणाली. ती माझ्या मोरीत ब्रश धूत होती, तिथूनच.

"अगं, पण शेवट कधी येणार? प्रदर्शन झाल्यावर?"

"येईल."

"हे असं चाललंय बघा. कधीही विचारलं की 'येईल'. जशी काय एसटी आहे."

मी चष्मा लावला आणि पानं बघायला घेतली. दोघंही नुकतीच नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. मी त्यांना पाचवीपासून चित्रकला शिकवली होती, आणि मी निवृत्त झाल्यावरही ज्या मुलांनी माझ्या घरी यायचं सोडलं नाही त्यांतली ही दोन. जुईली चित्र काढायची आणि त्यावर शाई फिरवायची. केदार ती पानं त्याच्या काकाच्या डीटीपीच्या दुकानात स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंगवायचा. गोष्ट दोघांनी मिळून रचलेली, 'मिठागरातला चोर'. मिठागरावर राहणारी एक मुलगी, तिचं कुत्रं, आणि टोपलीटोपलीने मीठ पळवणारा एक माणूस. महाराष्ट्र दिनाला आमच्या पेणमधल्या एका वाचनालयात पुस्तकांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे मुलांना एक टेबल मिळायचं होतं, आणि त्यावर हा अंक मांडायचा असं ठरलं होतं.

डोळ्यांच्या जागा खरंच कोऱ्या होत्या. भुवया होत्या, नाक होतं, मधे नुसता कातडीचा रंग. पेणच्या माणसाला याचं फार नवल वाटत नाही. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती रांगेने उभ्या असतात, पितांबर रंगवलेले, दागिने रंगवलेले आणि चेहरे असेच कोरे. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ज्याचा हात त्यात बसलाय त्यानेच काढायचे. या कामाला आखणी म्हणतात. जुईलीचे वडील रघुनाथ मोकल आखणीचेच कारागीर. तेव्हा पोरीने घरातली रीत अंकात आणली, असं मी धरून चालले.

"डोळ्यांचं राहू दे," मी म्हटलं. "आधी ही रेघ बघ. हिच्या कपाळाची रेघ आणि हनुवटीखालची रेघ, दोन्ही सारख्याच जाड. ऊन कुठून येतंय?"

"वरून."

"मग सावली कुठे पडेल?"

जुईली जवळ आली आणि ओल्या हाताने पान धरणार तेवढ्यात केदारने ते ओढून घेतलं.

"हनुवटीखाली," ती म्हणाली.

"म्हणजे तिथे रेघ जाड, कपाळावर केसासारखी बारीक. आणि ऊन फार असेल तिथे रेघ तुटली तरी चालेल. टाकाने नको, ब्रशने कर. दाब कमीजास्त करता येतो."

"रेघ तुटू देऊ नका हां बाई," केदार म्हणाला. "फट राहिली की रंग गळतो. एक क्लिक केलं की मिठाची रास, पोरगी, आभाळ, सगळं एकदम निळं. मी दिवसभर हिच्या फटी बुजवत बसतो."

"तरीच माझ्या राशी तुरुंगासारख्या दिसतात," जुईली म्हणाली.

"फटी बुजवू नकोस," मी त्याला सांगितलं. "रेघेच्या खाली वेगळा थर घे. त्यावर रंगाचा आकार तू स्वतः कापून भर. रेघ आपली वर राहील, तुटकी की अखंड, रंगाला काय करायचंय? आणि हे आभाळ रे काय केलंस?"

"ग्रेडियंट आहे बाई. गुलाबीतून जांभळं."

"त्याला स्प्रेगन मिळालीय," जुईली म्हणाली. "आमच्याकडे नवीन आलेला माणूस असाच करतो. पहिल्या दिवशी उंदरालाही शेडिंग."

मी केदारला मोजकेच रंग निवडायला सांगितलं. मिठाचा पांढरा, चिखलाचा करडा, मुलीच्या फ्रॉकचा एक लाल. लाल दुसरीकडे कुठेही नाही. पडद्यावर लखलखीत दिसलेला रंग कागदावर काळवंडतो, म्हणून प्रत्येक पान आधी छापून, उन्हात नेऊन बघायचं. त्याने कुरकुर केली, पण केलं. पुढचे काही दिवस दोघंही राबली. जुईलीने बरीच पानं नव्याने शाईत काढली. तिच्या ब्रशची रेघ आता फुगायची आणि निमुळती व्हायची. दुपारच्या उन्हातल्या मिठाच्या राशी तिने वरच्या बाजूने चक्क सोडून दिल्या, आणि केदारच्या पांढऱ्याने त्या तशाच पेलल्या. अंक चांगला होऊ लागला होता.

डोळे मात्र नव्हते.

एका सकाळी केदार यायच्या आधी मी तिला विचारलं, "डोळे कोण काढणारेय?"

"बाबा."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. नाय म्हणाले." ती शाईच्या बाटलीचं झाकण लावत राहिली. "गेल्या सीझनपासून ते ब्रशला हात लावत नाहीत, बाई. हात थरथरतो. एका मूर्तीचा डोळा त्यांनी तीनदा पुसून काढला. मग उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून पॉलिशपेपर घेऊन बसतात. आता आखणीला हमरापूरचा दिनेश येतो."

"डॉक्टर?"

"गोळ्या देतात. थोडा फरक पडतो. आखणीएवढा नाही."

"मग तू काढ ना डोळे. तुला येतात."

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी काढले तरच अंक निघेल. नाहीतर नाही."

"आणि केदार? त्याने एवढं केलंय."

"म्हणूनच तर तुम्ही चला ना घरी. तुमचं ऐकतील."

मी गेले. मोकलांचा कारखाना घराच्या मागेच होता, पत्र्याची मोठी शेड. आत प्लास्टरची पांढरी धूळ उडत होती. मोकल दाराशी पाटावर बसून एका मूर्तीचा पाट घासत होते. आत खिडकीच्या उजेडात दिनेश मूर्ती मांडीशी घेऊन आखणी करत होता. रेडिओ चालू होता.

"या बाई. पोरीने पाठवलं ना?" मोकल म्हणाले.

"हो."

"मला ठाऊक होतं. चा घ्या." त्यांनी घरात हाक मारली आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं सतत हलत होती, पाण्यावरच्या काडीसारखी. "बघा. यात तुमचे ते एवढे एवढे डोळे बसवू? मसुराएवढे?"

"मसुराएवढे नाही काढायचे. वीतभर काढायचे."

"म्हणजे?"

"केदार एकेक चेहरा मोठा करून अख्ख्या कागदावर छापेल, फिकट निळ्यात. त्यावर तुम्ही काळ्या शाईने डोळा काढायचा. मग तो कागद मशीनमध्ये घातला की निळं गाळून टाकता येतं, काळं तेवढं राहतं. ते लहान करून चेहऱ्यात बसवायचं. कागदावर तांदळाच्या दाण्याएवढी रेघ हलली, तर अंकात ती दिसणारसुद्धा नाही. चित्रांची पुस्तकं काढणारे धडधाकट हाताचे लोकही मोठं काढून लहान छापतात."

मोकल हसले. "वीतभर डोळा मी मंडळाच्या मूर्तीला काढलाय. घरच्या मूर्तीची गोष्ट वेगळी." मग त्यांनी दिनेशकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "इथे नाय काढणार. लोक बघतात."

"दुकानात या. दुपारी शटर अर्धं खाली असतं. केदारचे काका, गुप्ते, तेव्हा जेवायला जातात."

"बघू," ते म्हणाले.

ते येणार नाहीत असं केदारचं म्हणणं होतं. ते आले. डोक्यावर टोपी, खिशात स्वतःचे ब्रश, पानाच्या डब्यात ठेवलेले. केदारने निळे चेहरे टेबलावर मांडले. जुईली त्यांच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसली, अगदी खेटून.

"थोडी लांब बस," मोकल म्हणाले. "कोपर लागतं."

ती जरा सरकली, पण जरासंच.

पहिला डोळा काढताना त्यांनी श्वास धरला. करंगळी कागदावर टेकवली. वरच्या पापणीची रेघ सुरू झाली आणि मधेच करवतीसारखी दातेरी झाली. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"झालं तुमचं?" ते म्हणाले. "बघितलंत?"

"करंगळी उचला," मी म्हटलं. "बोटांनी नका काढू. एवढ्या मोठ्या डोळ्याला बोटं कशाला? खांद्यातून हात फिरवा, भिंतीला चुना मारल्यासारखा."

"आखणी अशी करत नाय, बाई."

"मूर्तीची नसेल करत."

त्यांनी दुसरा कागद ओढला. हात अधांतरी धरला आणि एका दमात फिरवला. रेघ हलली, पण पुढे गेली. मग खालची पापणी, बुबुळ, कोपऱ्यातली रेघ. केदारने कागद स्कॅनरमध्ये घातला, निळं काढून टाकलं, डोळा लहान करून चेहऱ्यात ठेवला आणि खुर्ची बाजूला केली.

मोकल पडद्याकडे वाकले. हललेली रेघ कुठेच नव्हती. लांब, शांत, अर्धवट मिटलेला डोळा होता, त्यांच्याच हातचा. पेणमधल्या कुणीही ओळखला असता. त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. मग केदारला म्हणाले, "दुसरा दे."

त्या दुपारी त्यांनी हातासरशी पाचसहा चेहरे उरकले. केदार डोळे बसवत गेला आणि मग एकदम हसायला लागला.

"काय रे?"

"काका, चोर बघा."

मिठाची टोपली उचलून पळणाऱ्या चोराला गणपतीचे डोळे होते. त्याच्या मागे धावणाऱ्या कुत्र्यालाही तेच.

"याला धरायचं की नमस्कार करायचा?" केदार म्हणाला.

जुईलीने त्याला पायाने ढोसलं. मोकल मात्र रागावले नाहीत. "मला हा एकच डोळा येतो," ते म्हणाले. "तीस वर्षं हाच काढला."

"दुसरा शिकू," मी म्हटलं. "हा डोळा समोर उभं राहिलेल्याकडे बघतो. त्याला कुठे जायचं नाही, कशाची घाई नाही. चोर कुठे बघत असेल?"

"मागे."

"मग बुबुळ ढकला कोपऱ्यात. पापणी ताणलेली. पांढरं जास्त दिसू द्या."

त्यांनी काढलं. बरोबर नव्हतं. परत काढलं. मग मान वर करून जुईलीला विचारलं, "हा मीठ कशाला चोरतो गं? मीठ काय कुणी चोरतं?"

"त्याची होडी बुडालीय. मासे सुकवायला मीठ नाही."

"मग असं सांग ना. हा भितोय. मी आपला लबाड काढत होतो." आणि त्यांनी तिसऱ्या कागदावर भ्यालेला माणूस काढला. नुसते दोन डोळे, पण माणूस दिसला. केदार हसायचा थांबला.

मग ते रोज दुपारी यायला लागले. पोरांशी वाद घालायचे. कुत्र्याचा डोळा त्यांना सगळ्यांत अवघड गेला. एक दिवस ते वाटेतल्या एका कुत्र्यासमोर उकिडवे बसून आले, आणि 'त्याला बुबुळच असतं नुसतं, पांढरं नसतं' असं आम्हाला सांगितलं. मी शिकवलेलं एखाद्या पोराने पुढे स्वतःहून वाढवलं की मला जसं वाटतं, तसंच वाटलं. जुईली या सगळ्यात गप्प असायची. त्यांचा हात फिरायचा तेव्हा तिची नजर कागदावर नसायची, त्यांच्या कोपरावर असायची.

शेवटचं पान राहिलं होतं तेव्हा केदार सहज बोलून गेला. "काका, आता जपून. निळी शाई संपत आलीय. प्रत्येक चेहरा दोन-दोनदा छापून छापून."

"दोनदा कशाला?" मोकलांनी विचारलं. "मी बिघडवले ते तर वेगळे कागद होते."

केदारने जुईलीकडे बघितलं. जुईली फरशीकडे बघत होती.

"दुसरी प्रत कुठे जाते?" मोकल म्हणाले.

तिने दप्तरातून कागद काढले. तेच निळे चेहरे, त्याच क्रमाने. मुलगी, चोर, कुत्रं. प्रत्येकाला डोळे होते. पहिले पहिले दातेरी, चुकलेले. नंतरचे लांब, एका दमात आलेले. खालून वर चाळत गेलं की मोकलांचा हात हळूहळू तिच्या हातात उतरताना दिसत होता.

"हे कधी केलंस?"

"रोज. तुम्ही घरी गेल्यावर."

"का?"

"गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, मला आखणी शिकवा. तुम्ही म्हणालात, आखणी तोंडाने शिकवता येत नाय, हात दाखवावा लागतो. आणि हात आता राहिला नाय."

"मग?"

"मग आता दाखवलात ना. एवढा मोठा. मूर्तीवर तर मला कधी दिसलाच नसता. पापणी लवायच्या आत होऊन जातं तुमचं."

दुकानात स्कॅनरचा दिवा तेवढा सरकत होता. केदार म्हणाला, "म्हणजे आपला अंक तू यासाठी काढलास?"

"अंक अंकासाठीच काढला," जुईली म्हणाली. "डोळे यासाठी ठेवले."

मोकलांनी सगळे कागद पुन्हा एकदा बघितले. एक बाजूला काढला, मुलीचा चेहरा. त्यावर बोट ठेवलं. बोट हलत होतं.

"वरची पापणी. इथे ब्रश उचललास."

"हो. श्वास संपला."

"दिसतं ते." त्यांनी कागद तिला परत दिला, शेवटच्या पानाचे डोळे काढले, टोपी घातली आणि मागे न बघता ते कारखान्यात गेले. जुईलीने मला विचारलं, रागावले का?

अंक वेळेवर निघाला. मुखपृष्ठावर तीन नावं होती, डोळ्यांसाठी मोकलांचं वेगळं. प्रदर्शनात मुलांच्या टेबलाशी लोक थांबले, पानं उलटली, चोराशी आले की कुणीतरी 'अरे' म्हणालं. केदार प्रत्येकाला पांढऱ्या रंगाबद्दल सांगत होता. मोकल त्या दिवशी आले नाहीत. जुईली दाराकडे बघत राहिली आणि मग बघायची थांबली.

पुढच्या आठवड्यात त्यांची अंकाची प्रत द्यायला मी कारखान्यात गेले. दिनेश आपला पाट उचलून दुसऱ्या खिडकीशी बसला होता. त्याच्या नेहमीच्या जागी जुईली होती. तिच्यापुढे कान उडालेली एक मोठी मूर्ती, गिऱ्हाइकाला देता येणार नाही अशी. चेहरा रंगवलेला, डोळे कोरे. मोकल तिच्या पाठीशी उभे होते, हातात ओलं फडकं.

मी अंक पुढे केला. त्यांनी मानेनेच फळी दाखवली, ठेवा म्हणून. नजर मूर्तीवरून काढली नाही.

"करंगळी टेकव," ते तिला म्हणाले. "बाईंनी सांगितलेलं विसर. ते कागदावर. इथे टेकवायची."

तिने टेकवली. श्वास धरला. उजव्या डोळ्याची वरची पापणी काढली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मला तरी ती चांगली वाटली. दिनेशने हातातलं काम थांबवून बघितलं, आणि त्यालाही चांगली वाटली असावी. जुईलीने मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

मोकल वाकले आणि फडक्याने डोळा पुसून टाकला. पुसताना त्यांचा हात थरथरत होता, पण पुसायला तो चालत होता.

"परत," ते म्हणाले.

तिने परत काढला. त्यांनी परत पुसला. तिने ब्रश रंगात बुडवून टोक नखावर वळवलं. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, उलट मी तिला वर्गातही इतकं खूश पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी आणलेला चहा मी उभ्यानेच घेतला आणि निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत मला मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, न रागावलेला, न थकलेला.

"परत."